तपासलेलं रान

ट्रॅक्टरवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तरी फौजी काही उठेना. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर तो पालथा पडला होता, दोन्ही हात पसरून, गाल मातीला लावून. झोपला नव्हता. डोळे टक्क उघडे होते आणि आवाजही शांत होता.

"पुढं आणू नका. रान तपासलेलं नाही."

"अरे, त्यात तपासायचंय काय? तुझ्या बापाचं रान आहे हे!"

"बापाचं असलं तरी तपासावं लागतं."

ट्रॅक्टरवाल्याने बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे, म्हणजे फौजीच्या बापाकडे बघितलं. म्हाताऱ्याने आभाळाकडे बघितलं. आभाळात काहीच नव्हतं, म्हणून त्याने सुनेकडे बघितलं. त्या घरात काहीही बिघडलं, मग ती म्हैस असो, मोट असो की नवरा, सगळ्यांची नजर फिरून फिरून सुनेवरच येऊन थांबायची.

तिला गावात सगळे फौजीण म्हणायचे. ती पुढे झाली, नवऱ्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "अहो, उठा. ते परत निघालेत."

"मी कुठं निघालोय?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"निघालेत," फौजीण त्याच्याकडे बघत म्हणाली. मग त्याला निघावंच लागलं.

फौजी सात महिन्यांपूर्वी घरी आला होता, तो कायमचाच. हात धड, पाय धड, कागदावर शिक्का. पहिले चार दिवस गाव त्याला बघायला लोटलं आणि जरा हिरमुसून परत गेलं. लढाईवरून आलेल्या माणसाचं एखादं बोट तरी गेलेलं असावं अशी लोकांची अपेक्षा होती.

काय गेलंय ते फौजिणीला हळूहळू कळलं. तो चालायचा ते दुसऱ्याच्या पावलांवर पाय ठेवून. विहिरीकडे जायचं तर आधी कुणीतरी गेलेलं असावं लागे. घरातली घागर जागची हलली असली, तर ती पुन्हा जागेवर जाईपर्यंत हा उंबऱ्याबाहेर उभा. एकदा भर दुपारी तो दीड तास तसा उभा होता आणि आत पाटावर त्याचं जेवण निवत होतं. मातीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचे हे त्याचं तिकडचं काम. त्याबद्दल तो एवढंच सांगायचा आणि मग पाणी मागायचा.

रान होतं ओढ्याकाठचं, अर्ध्या एकराचा तुकडा. ओढा फुगून रानात आला होता आणि गाळ टाकून परत गेला होता. अशा रानात ओल दहा दिवस टिकते, अकराव्या दिवशी माती वीट होते. त्याआधी मक्याचं बी पडलं तर घरच्यांच्या पोटाला आणि म्हशीच्या वैरणीला वर्षभर बघायला नको. नाही पडलं, तर मग सगळंच बघायला हवं.

त्या दिवशी घरी आल्या आल्या म्हाताऱ्याने खुंटीला टोपी अडकवली आणि निकाल देऊन टाकला.

"हे बघ सूनबाई, दहा दिवस. दहा दिवसांत पेरणी झाली नाही, तर रान ट्रॅक्टरवाल्याला वाट्यानं देणार. आणि तुझ्या नवऱ्याला शहरातल्या दवाखान्यात ठेवून येणार. तिथं सगळीकडं फरशी असते. तपास म्हणावं!"

"मामा, मी बघितलाय तो दवाखाना."

"मग चांगलंच झालं की. वाट माहितीय तुला."

नवऱ्याला तपासणीला नेलं होतं तेव्हा तिने तो बघितला होता. भिंतीला लागून बाकावर माणसं बसली होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून. त्या दिशेला काहीच नव्हतं. दुसरीही एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. परक्याचा नांगर रानात शिरला की हा पुन्हा आडवा पडणार, आणि ट्रॅक्टरवाल्याचा पाय काही दर वेळी वेळेवर ब्रेकवर जाईल असं नाही.

ती ओसरीवर नवऱ्यापाशी जाऊन बसली.

"अहो, आपलं रान तपासायला किती दिवस लागतील?"

फौजी चमकला. सात महिन्यांत त्याला खूप जणांनी खूप काय काय विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने डोळे मिटून मनातल्या मनात रान मोजलं.

"एक माणूस, एक सळई. नऊ दिवस."

"मग उद्यापासून लागा कामाला."

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "दोघंही गेली कामातून."

दुसऱ्या दिवशी फौजीने रानात खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि फौजिणीच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या काठ्यांना बांधून झेंडे लावले. मग तो गुडघ्यांवर बसला. लाकडी मुठीची लोखंडी सळई मातीत तिरपी घालायची, चार बोटं खोल, हाताला काय लागतंय ते बघायचं, काढायची, वीतभर सरकायचं, पुन्हा घालायची. तिरपी का, तर सुरुंग वरून दाबला की उडतो, कुशीला टोचला तर उडत नाही. हे त्याने बायकोला न विचारता सांगितलं. इतकं मोठं वाक्य तिने त्याच्याकडून बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

फौजीण बांधावर बसून बघत राहिली. दुपारपर्यंत तिला वाईट वाटत होतं. दुपारनंतर मात्र तिचं लक्ष भोकांकडे गेलं. चार बोटं खोल, वीतभर अंतर, रांग दोरीत. माहेरी टोकणी करताना तिची आई अशाच भोकांसाठी घसा फोडून ओरडायची. टोकदार काठीने भोक पाडायचं, दाणा टाकायचा, पायाने माती लोटायची. पण काठी धरणाऱ्याचं लक्ष नेहमी दुसरीकडे, त्यामुळे रांगा सापासारख्या. आईला असा गडी जन्मात मिळाला नव्हता.

ती उठून घरी गेली आणि पदरात मक्याचं बी घेऊन आली.

"अहो, तुम्ही तपासलेल्या भोकात मी दाणा टाकला तर चालेल?"

फौजीने बराच विचार केला. "तपासलेल्यात चालेल. पण माझ्यापुढं यायचं नाही."

"नाही येत."

"कधीच नाही. मी सांगितलं तरी नाही."

"नाही म्हटलं ना. आता टोचा तुम्ही."

दर तिसऱ्या रांगेत, भोकाला एक दाणा, शंका आली तर दोन. पुढे फौजी गुडघ्यांवर आणि मागे फौजीण वाकून, असं ते काम सुरू झालं. संध्याकाळी म्हातारा येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी स्वतः घेऊन आला.

आता गावाचं कसं असतं, माणूस वेडा आहे हे गावाला पटतं, पण वेडा माणूस काम करतोय हे पटत नाही. दोऱ्या बघितल्या, झेंडे बघितले आणि तिसऱ्या दिवशी पारावर एकमत झालं की फौजी गुप्तधन शोधतोय. सगळ्यात जास्त खात्री ट्रॅक्टरवाल्याची. त्याचं रान शेजारीच होतं, म्हणून तो स्वतःला जाणकार समजायचा.

"वहिनी," पाचव्या दिवशी त्याने बांधावरून विचारलं, "कुठवर आलं म्हणायचं?"

"अर्धं झालं."

"आणि लागलं काही हाताला?"

"गोगलगायी लागल्या."

ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली. सांगणार नाहीतच, असा त्याचा चेहरा.

आठव्या दिवशी दुपारपर्यंत एक कोपरा तेवढा उरला, ट्रॅक्टरवाल्याच्या बांधाला लागून. जेवून दोघं परत आली. फौजीने कोपऱ्याकडे तोंड केलं आणि त्याची सळई हवेतच थांबली. त्याने डावा हात वर केला.

"माती हललीय."

"कुठं?"

"सकाळी अशी नव्हती. कुणीतरी खणून बुजवलंय." आणि मग एकदम वेगळ्या, कोरड्या आवाजात, "खाली पड."

फौजीण खाली पडली. तेवढ्यात म्हातारा कळशी घेऊन आला.

"मामा, आडवे व्हा!"

"मी? आत्ता?"

"आडवे व्हा म्हणते ना!"

म्हाताऱ्याने आधी कळशी नीट टेकवली, मग टोपी सांभाळत तो आडवा झाला. पलीकडे ट्रॅक्टरवाला आपल्या बांधावर उभा होता. फौजीने त्याच्याकडेही हात केला आणि तोही पडला. जरा लवकरच पडला, असं फौजिणीला वाटलं.

मग कितीतरी वेळ काहीच नाही. फौजी पोटावर सरकत त्या जागेपाशी गेला आणि बोटांनी माती बाजूला करू लागला, चिमूट चिमूट. ऊन पाठीवर होतं. म्हातारा पुटपुटला, "कानात मुंगी गेलीय." फौजिणीला समोर नवऱ्याचे तळपाय दिसत होते आणि घामाने भिजलेला सदरा. या मातीत हुमणीच्या अळीखेरीज काही नाही हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती मातीला घट्ट चिकटून राहिली. सात महिने ती नवऱ्याला भ्यायली होती, नवऱ्यासाठी भ्यायली होती. तो ज्याला भितो त्याला ती आज पहिल्यांदा भ्यायली.

सळईचं टोक टणकन वाजलं.

फौजीचा हात थांबला. मान न वळवता तो बोलू लागला.

"तेव्हाही असाच आवाज आला होता. मी वरवर बघितलं आणि म्हटलं, डबी आहे. जेवणाची वेळ झाली होती. आमच्यात रिवाज असतो, ज्यानं जमीन तपासली त्यानंच तिच्यावरून पहिलं चालायचं. माझा जोडीदार म्हणाला, मला भूक लागलीय, तू डबी म्हणतोस ना, मग डबीच. आणि माझ्यापुढं गेला."

त्याने सळई अलगद बाहेर काढली.

"डबी नव्हती."

फौजिणीच्या डोळ्यांतलं पाणी सरळ मातीत गेलं. पुसायला हात हलवायची तिला हिंमत झाली नाही. म्हाताऱ्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि मुंगीबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

बऱ्याच वेळाने पलीकडच्या बांधावरून, जमिनीलगत, बारीक आवाज आला.

"ही डबीच आहे."

"कशावरून?" फौजीने विचारलं.

"माझी आहे." जरा थांबून, "तंबाखूची. झाकणावर घोडा आहे. दुपारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी जरा... बघायला आलो होतो. खिशातून पडली असणार."

"कुणी उठायचं नाही," फौजी म्हणाला, आणि आणखी अर्धा तास चिमूट चिमूट माती काढत राहिला. ट्रॅक्टरवाल्याच्या शब्दावर विसंबून राहावं असं गावात कुणालाच वाटत नसे, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. शेवटी त्याने ती वस्तू दोन बोटांत धरून वर काढली. झाकणावर घोडा होता. त्याने डबी उघडली, आत बघितलं.

"तंबाखू किती होती?"

"अर्धी."

"अर्धीच आहे. घ्या."

म्हातारा उठला, अंग झटकलं आणि ट्रॅक्टरवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुझ्या रानाची पेरणी झाली?"

"अजून नाही, काका."

"स्वतःचं रान पडीक आणि माझं खणायला येतोस! पहार कुठाय तुझी?"

"पहारीचं काय काम आता?"

"तुलाच टोकतो ह्या कोपऱ्यात."

फौजीच्या घशातून एक आवाज आला. फौजिणीला आधी वाटलं त्याला ठसका लागला. मग कळलं की तो हसला. सवय मोडल्यामुळे त्याला ते नीट जमलं नव्हतं.

नवव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत कोपऱ्यातलं शेवटचं भोक पडलं. डबी निघाल्यापासून त्या कोपऱ्यात फौजीने बायकोला आपल्या मागूनही येऊ दिलं नव्हतं. फौजी मागे सरकत सरकत बांधावर आला, उभा राहिला आणि तपासलेल्या कोपऱ्याकडे बघत तसाच राहिला. बाकीच्या रानात तो गुडघ्यांवर सरकला होता. उभ्याने पाऊल असं त्याने कुठेच टाकलं नव्हतं.

"झालं?" फौजिणीने विचारलं.

"झालं. तू टाक दाणे."

ती हलली नाही.

"जा की. तपासलंय मी."

"पहिलं कुणी चालायचं असतं?"

फौजीने सळई दोन्ही हातांनी पाठीमागे घट्ट धरली.

"मी तुमच्यापुढं जाणार नाही," ती म्हणाली. "सांगितलं तरी नाही, असं ठरलंय आपलं. मी बसते इथं. तुमचं होऊ दे सावकाश."

आणि ती खरोखरच मांडी घालून बांधावर बसली. म्हातारा तोंड उघडणार होता, तिने नुसतं बघितलं, त्याने मिटलं. ओढ्याकडून वारा आला. म्हैस दोनदा ओरडली. तिची धार काढायची वेळ टळून गेली होती, पण उठलं कुणीच नाही.

फौजीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला त्याचा तोल गेला, कारण कुणाच्या पावलावर पाय न ठेवता कसं चालतात हे पाय विसरले होते. तो जरा उजवीकडे गेला, जरा डावीकडे, मध्येच थांबला, मागे वळून बायकोकडे बघितलं आणि पार पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेला.

त्याच्या पायांनी भोकं बुजली होती. ती पुन्हा पाडा असं फौजीण म्हणाली नाही. पदर खोचून ती उठली आणि त्याच्या एकेका पावलात एकेक दाणा टाकत मागून गेली.

दवाखान्याचा विषय म्हाताऱ्याने पुन्हा काढला नाही. म्हशीखाली बसता बसता तो एवढंच म्हणाला, "त्याला म्हणावं, उद्या विहिरीकडची वाटही तपासून घे. मलाही तिथं पाय टाकवत नाही हल्ली."

फौजी एका दिवसात बरा झाला असं मुळीच नाही. घागर हलली की तो अजूनही उंबऱ्याबाहेर थांबतो, फक्त आता आत हाक मारून सांगतो. पण मका गुडघ्याला लागला तेव्हा आसपासची माणसं मुद्दाम त्या बांधावर येऊन उभी राहायची. इतक्या सरळ रांगा कुणी कागदावरही बघितल्या नव्हत्या. ट्रॅक्टरवालाही आला, डबीतली चिमूट मळत त्याने सगळं रान नजरेखालून घातलं आणि त्याला शेवटी एक खोट सापडली.

"वहिनी, सगळं दोरीत आहे, मग ह्या कोपऱ्यातच मका असा वेडावाकडा कसा?"

"तिथून आमचे हे चालत गेले," फौजीण म्हणाली.