रिंगच्या टोकाची खाच

पिस्टनची रिंग थंड आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं. थंड असणारच – बिडाची आहे, रात्रभर डबीत पडून होती, फाल्गुनातली सकाळ आहे – हे सगळं डोक्याला कळत होतं. पण उजव्या तळहातावर ठेवलेली ती बारीक, काळसर, एका जागी उघडी सोडलेली गोल पट्टी हाताला काहीच सांगत नव्हती, जणू हात दुसऱ्या कुणाचा आणि आपण तो नुसता सांभाळायला घेतलेला. हेमेंद्रने बोटं मिटली. बोटं मिटतात. दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून आजपर्यंतची कमाई एवढीच.

"काकीजी, काकाजीले साइज ठाऊक हाये का?" इंद्रकुमारने विचारलं.

काकीजीला विचारलं. म्हणजे गल्ल्यासमोरच्या स्टुलावर हेमेंद्र कटरे बसलेला, राजदूत मोटरसायकल त्याची, इंद्रकुमारच्या बापाच्या वेळेपासून गोंदियात याच दुकानातून पार्ट नेणारा तो, आणि प्रश्न त्याच्या बायकोला. पण एकट्या इंद्रकुमारला बोल कशाला लावायचा, आता सगळे असंच करतात – काकाजी जेवले का, काकाजीच्या चहात साखर चालते का, काकाजीले पंखा लावू का. झटका तोंडाला आला, हाताला आला. कान शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे, मी इथेच बसलो आहे... पण हे सांगायचं तर तोंड पाहिजे.

"दुसरा बोअर झाला हाये तिचा," दुर्गेश्वरी म्हणाली. "आंधी सांगत होते हे." म्हणजे सिलिंडर दोनदा आतून कातून मोठा केलेला, रिंगही त्याच मापाची हवी.

"मी तर म्हनतो नवीन बोअर मारून घ्या अन् पिस्टन बी नवा टाका. टेन्शन खतम."

"तुमाले जे चांगलं वाटते ते द्या मग."

हे असं. त्याचं प्रत्येक वाक्य ती पुरं करायची. तो 'पा' म्हणाला की पाणी यायचं, 'च' म्हणाला की चष्मा. मायेनेच करायची, त्याला काय ते कळत नव्हतं का? पण एकेक अक्षर करून ती त्याच्या तोंडचा घास उचलत गेली होती. आणि तोही नंदीबैलासारखा मान डोलावत गेला, कारण मान हलवायला शब्द लागत नाहीत. अशीच मान डोलावता डोलावता कामठ्याचं खत-बियाण्याचं दुकान हातातून गेलं – म्हणजे जाणार होतं, सोमवारी. दुर्गेश्वरीचा भाऊ चंद्रकुमार चालवणार. कुणी ठरवलं? सगळ्यांनी. तुमाले आराम पाहिजे ना भाऊजी, चंद्रकुमारने विचारलं, आणि हेमेंद्रची मान खाली-वर झाली.

त्याच रात्री त्याने मनाशी पैज लावली होती. गोठ्याशेजारी उघडून ठेवलेलं राजदूतचं इंजिन आपण बांधायचं, निदान त्याच्या रिंगा तरी आपण निवडायच्या – आपल्या हाताने, आपल्या तोंडाने. तेवढं जमलं तर दुकान द्यायला नाही म्हणायचं. नाही जमलं तर किल्ल्या चंद्रकुमारच्या, आणि पुन्हा तक्रार नाही.

म्हणून आज पिस्टनसकट टॉवेलात गुंडाळलेला सिलिंडर मांडीवर घेऊन तो आला होता. आणि पैज अशी हातातून चालली होती.

त्याने डोळे मिटले. उजवा अंगठा रिंगच्या कडेवर ठेवला आणि फिरवायला लागला. काही नाही... काही नाही... नागपूरच्या डॉक्टरने टाचणी टोचून विचारलं होतं, लागते का? आणि तो हो म्हणाला होता, कारण दुर्गेश्वरी शेजारी श्वास रोखून उभी होती. लागलं काहीच नव्हतं. अंगठा फिरत राहिला... दरेकशाचा चढ. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात याच राजदूतने तिथे जीव टाकला होता, आणि सागाच्या सावलीत इंजिन उघडून बसलेल्या हेमेंद्रने नव्या नवरीच्या हातात तुटकी रिंग देऊन शिकवलं होतं – बघ, रिंग फिरू नये म्हणून पिस्टनच्या खोबणीत ही एवढीशी पिन असते, आणि रिंगच्या दोन्ही टोकांना पिनेसाठी अशी अर्धी-अर्धी... ती हसत होती, मेंदीच्या हातांना काळं तेल लागलेलं...

अंगठ्यात मुंग्या आल्या.

तो थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे. मुंग्या, आणि मुंग्यांच्या आत काहीतरी टोकदार, सरळ. रिंगचं टोक. सरळ? सरळ कसं? दुसरं टोक. तेही सरळ, चाकूने कापल्यासारखं. मग त्याने डाव्या अंगठ्याने पाहिलं, आणि डाव्यानेही तेच सांगितलं. पण उजव्याने आधी सांगितलं होतं. छातीत असं काही उसळलं की त्याला वाटलं, आता हसूच फुटणार.

"नाही," तो म्हणाला. "ही... नाही."

इंद्रकुमारने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "काऊन नाही, काकाजी? साइज तर बरोबर हाये."

साइज बरोबर आहे, पण ही चढवली तर टोकं पिनेवर बसतील, रिंग खोबणीत दबणार नाही, आणि जबरदस्तीने दाबली तर मोडेल – आत सगळं वाक्य धुऊन-पुसून तयार होतं. हवा होता एकच शब्द. आणि तोच हातावर तुरी देऊन पळाला. त्याच्या जागी खिडकी आली, कंगवा आला, गुरुवार आला... हेमेंद्रने एकेकाला दारातून परत पाठवलं. त्याने दुर्गेश्वरीकडे पाहिलं.

तिला शब्द माहीत होता. तिच्या चेहऱ्यावर तो लख्ख दिसत होता, दरेकशापासून जपलेला. तिचे ओठ उघडले... आणि तिने ते मिटले. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती उभी राहिली, आणि इंद्रकुमार काही बोलायला गेला तसं तिने त्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. आयुष्यात तिने त्याच्यासाठी पुष्कळ केलं होतं. याहून अवघड काही केलं नसेल.

"खाच," हेमेंद्र म्हणाला. "खाच... नाही हिला."

इंद्रकुमारने रिंग बल्बखाली धरली. दोन्ही टोकं पाहिली. "सही बोलले काकाजी," तो म्हणाला, आणि शिडी लावून वरच्या फळीवरची डबी काढून आणली.

या रिंगला खाच होती. हेमेंद्रने ती सिलिंडरात घातली, पिस्टनने सरळ आत ढकलली आणि सिलिंडर दाराकडे धरून डोळा लावला. कडेने कुठेच उजेड नव्हता. फक्त दोन टोकांमध्ये एक बारीक फट. इंद्रकुमारची मापाची पत्ती त्या फटीत किंचित अडून गेली, जावी तशी. रिंग वर घेऊन पाहिलं, खाली नेऊन पाहिलं, फट तेवढीच – सिलिंडर कुठे झिजलाच नव्हता.

"बोअर नाही लागत काकाजी," आता तो काकाजीलाच सांगून राहिला होता.

"माहीत... हाये," हेमेंद्र म्हणाला, आणि गल्ल्यावरच्या गणपतीपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं असावं असं त्याला वाटलं.

परतताना ऑटोत सिलिंडर मांडीवर होता आणि मुठीत एक रिंग, डबीबाहेर काढलेली. गाडी सुरू होईल की नाही, देव जाणे. किक कोण मारणार हाही प्रश्नच. रस्त्याकडेच्या मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या.

"सोमवारी चंद्रकुमार येते किल्ल्या घ्याले," दुर्गेश्वरी म्हणाली. "त्याले का..."

आणि थांबली. वाक्य तसंच अर्धं ठेवून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

पैजेतला तो शब्द त्याच्या तोंडात होता, सबंध, आणि या वेळी तो कुठे पळत नव्हता. म्हणून हेमेंद्रने घाई केली नाही. इतके महिने तो गप्प होता ते बोलता येत नव्हतं म्हणून. आत्ताची ही गप्प घटका त्याची स्वतःची होती, आणि ती त्याला अजून थोडी हवी होती. त्याने उजवी मूठ घट्ट केली. रिंग कोमट झाली होती – हाताला कळलं की नुसतं डोक्याला, हे त्याने तपासून पाहिलं नाही.