अक्कांना ठाऊक नसलेली गोष्ट

"मला ठाऊक नाही अशी या मुलखातली एक तरी गोष्ट तुझ्या नकाशानं मला सांगावी. आठ दिवस देते," अक्का म्हणाल्या, आणि पैज लागली.

अक्का म्हणजे सुनंदाबाई चौधरी. सावद्याच्या केळी उत्पादक महिला संस्थेच्या त्या एकवीस वर्षे अध्यक्ष होत्या, आणि तेवढ्या काळात त्यांच्यासमोर कुणी दोनदा बोलल्याचे कुणाला आठवत नव्हते. ज्योती त्यांची नातसून. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून, भूषणशी लग्न करून ती केळीच्या बागांत राहायला आली, त्याला दीड वर्ष झाले होते. सहा महिने खपून तिने संस्थेसाठी एक नकाशा उभा केला होता.

नकाशा तसा तिचा एकटीचा नव्हता, आणि हेच तिला अक्कांना पटवून देता येत नव्हते. जगभरातल्या माणसांनी तो मिळून लिहिलेला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, आपल्या गावाला बेतून घ्यावा, आणि केलेली सुधारणा पुन्हा सगळ्यांसाठी उघडी ठेवावी, एवढीच त्याची अट. त्यात दिसणारी माहितीही कुणाच्या कपाटातली नव्हती. उपग्रहांनी टिपलेली जमिनीवरची उष्णता, धरणांतून सोडलेले पाणी, वादळाचे इशारे, रस्त्यांवरचे अडथळे, गाड्यांच्या वेळा, हे सारे जगाला खुलेच असते. मात्र दहा ठिकाणी विखुरलेले. नकाशा ते गोळा करून घडीघडीला एका पडद्यावर मांडत असे.

"म्हणजे गावविहीर," अक्का म्हणाल्या होत्या. "सगळ्यांनी खणली, सगळ्यांनी प्यायची."

"अगदी बरोबर, अक्का!"

"मग गाळ कोण काढतं?"

ज्योतीने नम्रपणे सांगितले की गाळही सगळेच काढतात. अक्कांचा त्यावर विश्वास बसला नाही. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच नाही, हे त्यांनी एकवीस वर्षे अनुभवले होते. नाहीतर पैजेपर्यंत पाळी आली नसती.

ज्योतीचे मात्र या पैजेवर बरेच काही टांगलेले होते. नकाशा संस्थेच्या भिंतीवर चढला, तर तालुक्यातल्या आणखी गावांसाठी तो करायचा आणि इथेच राहायचे. नाही चढला, तर पुण्याच्या जुन्या कंपनीने पुन्हा बोलावले होतेच. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे होते. आठवडाभर पुण्यात आणि रविवारी सावद्यात, असला संसार तिला नको होता. पण सहा महिन्यांचे काम कपाटात ठेवून नुसते बसणेही तिला जमणारे नव्हते. हे तिने भूषणला सांगितले होते, अक्कांना नाही.

पहिल्या दिवशी ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "अक्का, गिरणेला पाणी सोडलंय. संध्याकाळपर्यंत भडगावला पोहोचेल."

"पोहोचलं. सकाळीच बहिणीचा फोन आला. तिच्या धुण्याच्या दगडावर चढलं."

तिसऱ्या दिवशी नकाशाने पारोळ्याजवळ रस्ता अडल्याचे दाखवले. ट्रक उलटला होता.

"कांद्याचा ट्रक," अक्का चष्मा पुसत म्हणाल्या. "ड्रायव्हर सुखरूप आहे. त्याच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तूही बोलू नकोस."

पाचव्या दिवशी हताश होऊन ज्योतीने जपानातला भूकंप सांगून पाहिला.

"मुलखातली गोष्ट ठरली होती, पोरी. समुद्र ओलांडायचा नाही."

सहाव्या दिवशी धुक्यामुळे भुसावळची गाडी दोन तास उशिरा असल्याचे तिने सांगितले. अक्का म्हणाल्या, "थंडीत ती वेळेवर आली असती, तर मला नवल वाटलं असतं." संस्थेचे कारकून गिरधर खाली मान घालून हसले. वहीत ते रोज पैजेचा निकाल लिहीत, आणि सहाही दिवस त्यांनी एकच शब्द लिहिला होता: "ठाऊक."

अक्कांचे जाळे नकाशापेक्षा जुने होते. एस.टी.चे कंडक्टर, दूधवाले, बांगड्या भरणाऱ्या बायका, चारी दिशांना दिलेल्या भाच्या आणि पुतण्या. त्या जाळ्यातून चिमणी सुटत नसे.

आठवा दिवस हा अक्कांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. समारंभाचे नाव काढताच त्यांनी महिनाभर आधी घर हादरवले होते. "हार घालायला मी काय चौकातला पुतळा आहे? ज्याला प्रेम दाखवायचं, त्यानं त्या दिवशी एक तास जास्त काम करावं." म्हणून घरच्यांनी जन्मात पहिल्यांदा अक्कांपासून काहीतरी लपवले. त्यांचे चिरंजीव भाईदास, वय वर्षे छप्पन्न, आणि नातू भूषण यांनी गुपचूप दोनशे माणसांना नदीकाठच्या शेतात भरिताचे आवतण दिले. बामणोदची तीन क्विंटल वांगी आली. कपाशीच्या वाळक्या काड्यांचे ढीग रचले गेले. भाच्यांना, पुतण्यांना, कंडक्टरांना, बांगडीवाल्यांना, सगळ्यांना बोलावले आणि प्रत्येकाकडून शपथ घेतली. जाळ्याच्या गाठीच फोडल्यावर जाळ्याला काय कळणार?

ज्योतीकडे एकच काम होते. भूषणने बजावले होते, "साडेपाचपर्यंत अक्कांना कचेरीतून हलू द्यायचं नाही. नाहीतर त्या आधी येऊन चुली विझवतील."

चार वाजायला आले होते. अक्का पडद्यासमोर बसून नकाशाची शेवटची परीक्षा घेत होत्या. आठ दिवसांत त्या नकाशाला हरवता हरवता तो वाचायला चांगल्याच शिकल्या होत्या. आणि तेवढ्यात सावद्याच्या खाली, नदीच्या वळणावर, एक तांबडा ठिपका उमटला.

ज्योतीला कारण लगेच उमगले. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून गेला असणार. त्या वेळी शेतात वांगी भाजायला काड्या पेटल्या असणार. ती उष्णता उपग्रहाने टिपली, कुठेतरी दूर तिचा हिशेब झाला, आणि अडीच तासांनी ठिपका इमानेइतबारे इथे येऊन बसला. अक्कांना ठाऊक नसलेली, मुलखातली, चक्क त्यांच्या स्वतःच्या शेतातली गोष्ट. एक वाक्य बोलायची खोटी, की पैज जिंकली.

तिने नकाशा हळूच पारोळ्याकडे सरकवला.

"परत आण," अक्का म्हणाल्या.

"अक्का, पारोळ्याला आज बाजार..."

"परत आण म्हणते ना." नकाशा परत आला. अक्कांनी ठिपक्यावर बोट ठेवले. "हे आपलं खालचं शेत. तांबडं म्हणजे आग. तूच शिकवलंस."

ज्योती म्हणाली, "कधी कधी उपग्रह चुकतो, अक्का. तापलेला पत्रा असला, तरी त्याला आग वाटते."

"माझ्या शेतात पत्रा नाही."

"मग... नुसताच चुकला असेल."

अक्कांनी पडद्यावरचे बोट काढले. मग म्हणाल्या, "गिरधर, लिहा. आठ दिवस संपले. चुकणारं यंत्र संस्थेच्या भिंतीवर लागणार नाही."

गिरधरांनी लिहिले. सहा महिने त्या एका ओळीत मावले. ज्योतीने मान खाली घातली. पण तिच्या डोळ्यांसमोर तीन क्विंटल वांगी होती, आणि सासऱ्यांचा तो आठ दिवस आनंदाने फुललेला चेहरा होता.

"आता खरंच चुकला का, हे तरी पाहून घेऊ," म्हणत अक्कांनी भाईदासला फोन लावला. उचलला नाही. भूषणला लावला, त्यानेही नाही. शेजारच्या मळेवाल्याला लावला, तो तर बंदच. अक्का ताडकन उठल्या. अक्कांचा फोन एकाने उचलला नाही, तर तो आजारी असतो. तिघांनी उचलला नाही, म्हणजे शेत खरोखर पेटले आहे आणि तिघे ते विझवत आहेत. त्यांच्या अनुभवात दुसरा अर्थ बसतच नव्हता.

"अक्का, खरंच आग नाही हो!"

"मग उपग्रहाला काय दिसलं?"

ज्योती स्कूटरची किल्ली शोधू लागली. तोवर अक्का पायऱ्या उतरल्या होत्या. नगरपालिकेचा बंब समोरच्याच आवारात उभा असे. पुढच्या चौथ्या मिनिटाला सावद्याने एक अपूर्व दृश्य पाहिले. घंटा वाजवत बंब निघाला होता, आणि पुढच्या आसनावर, चालकाच्या शेजारी, नऊवारीचा पदर खोचून सुनंदाबाई चौधरी बसल्या होत्या. चालकाला गिअर कधी बदलावा, हेही त्याच सांगत होत्या.

ज्योतीने गिरधरांना स्कूटरवर मागे घेतले आणि निघण्याआधी भूषणला संदेश टाकला: "अक्का येतायत. बंबात."

उत्तर आले: "बंबात म्हणजे?"

त्याला ते लगेचच समजले. कारण बंब बांधावरून घणघणत शेतात शिरला, तेव्हा बरीचशी वांगी सोलून झाली होती, बडग्यांत, म्हणजे लाकडी कुंड्यांत, मिरच्या-लसणाबरोबर ठेचण्याचा एका लयीत आवाज चालला होता, आणि कढईत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या फुगत होत्या. घंटा थांबली आणि ठेचणेही थांबले. दोनशे माणसे जागच्या जागी खिळली. छप्पन्न वर्षांच्या भाईदासांनी हातातला झारा पाठीमागे लपवला.

बंबाचे जवान नळी घेऊन उतरले आणि विझवायचे काय, हे न कळून उभे राहिले.

"पाणी सोडू नका!" भूषण ओरडला. "भरीत आहे!"

अक्का उतरल्या. एकेक चेहरा त्यांनी पाहिला. भडगावची बहीण. कंडक्टर. दूधवाला. बांगडीवाली. सारे जाळे वांग्यांभोवती बसलेले होते.

"भाईदास," त्या म्हणाल्या, "इतकी माणसं माझ्या शेतात, आणि मला पत्ता नाही?"

"आई, तुमची पंचाहत्तरी..." भाईदास झारा अजून पाठीमागेच धरून म्हणाले.

गिरधर वही घेऊन मागे उभे होते. माणूस हिशेबी; मनात आले ते तोंडातून निघून गेले. "म्हणजे, अक्कांना ठाऊक नव्हतं!"

अक्का वळल्या, पण गिरधरांकडे नाही, ज्योतीकडे.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, अक्का."

"मग ठिपका आला तेव्हा बोलली का नाहीस? त्याच क्षणी जिंकली असतीस."

"बोलले असते, तर तुम्ही तेव्हाच येऊन हे सगळं थांबवलं असतं." तिने धीर केला. "बाबांनी आठ दिवस झोप घेतलेली नाही, अक्का. वांगी त्यांनी एकेक हातानं निवडलीत."

अक्कांनी मुलाकडे पाहिले. त्याच्या मिशीला राख लागलेली होती. मग त्या सावकाश, प्रत्येक शब्द जणू विहिरीतून ओढून काढावा तशा म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं."

कुणी हसले नाही. हसण्याची कुणाची छाती झाली नाही.

"गिरधर, मघाची ओळ खोडा. खोटं ज्योती बोलली. नकाशा खरं बोलला. नकाशा उद्या भिंतीवर चढेल." मग ज्योतीकडे बोट केले. "आणि खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून तू राहिलेली वांगी सोल. गरम आहेत तोवरच. पुण्याला नकार कळवून मग हात धू."

ज्योती चकित झाली. "पुण्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"भूषण गेले दहा दिवस भाकरी अर्धी टाकतो. बायको निघायच्या बेतात आहे, हे ओळखायला उपग्रह कशाला हवा?"

तेव्हा मात्र दोनशे माणसे एकदम हसली, आणि बडग्या पुन्हा वाजू लागल्या. पहिली पंगत अक्कांच्या हुकमाने बंबाच्या जवानांची बसली. बोलावून आणले, त्याला उपाशी पाठवायचे नाही. चालकाने तीनदा भरीत मागून घेतले, आणि अशी आग आठवड्याला एक लागावी, असे मत दिले.

पण अक्का तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मावले की थंडीत खानदेशभर भरिते होणार. प्रत्येकाला बंब धावला, तर खऱ्या आगीला कोण जाणार? तेव्हा भरीत करणाऱ्याने आधी नकाशावर खूण करावी. ज्योतीने ती सोय लिहून सगळ्यांसाठी उघडी केली. कुठल्याशा परदेशातल्या एका उत्साही माणसाने त्या खुणेसाठी वांग्याचे सुंदर जांभळे चित्र काढून पाठवले. अक्कांनी ते परतवले. "त्याला लिही, भरिताचं वांगं हिरवं असतं. आभार मान, पण हिरवं करून घे." दोन दिवसांत हिरवे आले, आणि गाळ सगळे मिळून काढतात, ही गोष्ट अक्कांना मान्य करावी लागली.

पंधरवड्याने एका दुपारी अक्का नकाशासमोर बसल्या होत्या. धुळ्याच्या बाजूला, एका मळ्यात, ठिपका उमटला. वांग्याची खूण नव्हती. तो मळा अक्कांचे मावसभाऊ तोताराम यांचा होता. बंबाला कळवण्याआधी अक्कांनी फोन लावला.

"तोताराम, शेत पेटलंय की वांगी?"

पलीकडून भेदरलेला आवाज आला, "वांगीच शेतस, अक्का! पन तुमले कसं समजनं?"

"ते राहू दे. खूण का केली नाहीस? आणि मला आवतण का नाही?"

तोतारामांनी काय सबब सांगितली, ते ज्योतीला ऐकू आले नाही. अक्कांनी फोन ठेवला, चष्मा डब्यात घातला आणि पदर सावरला.

"ज्योती, भूषणला गाडी काढायला सांग. तीन तासांत धुळं. आणि डबे घे बरोबर, मोठे घे. तोतारामाला वाढताना हात आखडायची सवय आहे."