दोन वेळा दाबलेलं बटण

पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा चालू असला की त्यावरचा लाल दिवा दर दोन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. दिवा मसुराच्या दाण्याएवढा असतो. मे महिन्यात मी तो बसस्टॉपवरून पाहिला, फार तर सहा मीटरवरून. हॉस्पिटलच्या रक्त-तपासणी लॅबमध्ये बारा वर्षं काम केल्यावर डोळे आपोआप मोजतात. नऊ वेळा तो लुकलुकला. मग कॉन्स्टेबल डेलने उजव्या अंगठ्याने बटण दोन वेळा दाबलं. दिवा विझला. त्यानंतर त्याने सेमिसीचा हात पाठीमागे पिरगळला.

सेमिसी आमच्या शॉपिंग सेंटरच्या ट्रॉल्या गोळा करतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचा टोंगा बेटांवरचा. रस्त्यात आलेली ट्रॉल्यांची रांग हलव, असं डेल म्हणाला. सेमिसी मित्राला म्हणावं तसं म्हणाला, ‘एक मिनिट, मेट.’ एवढंच. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग बस आली आणि मी बसमध्ये चढले.

सेमिसीवरच पोलिसाला मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याने केलेली तक्रार अकरा दिवसांत बंद झाली. पोलीस युनियनच्या वकिलाचं पत्र गेलं होतं: कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. तक्रार कार्यालयाने ते मान्य केलं. गेल्या निवडणुकीत युनियनची पत्रकं प्रत्येक लेटरबॉक्समध्ये पडली होती. या शहरात तिला दुखवायला कुणी तयार नसतं.

पहिल्याच आठवड्यात मी तक्रार कार्यालयाला फोन केला होता. नाव सांगितलं, बसस्टॉपवर होते एवढं सांगितलं. परत फोन करतो म्हणाले. कुणी केला नाही. मीही पुन्हा केला नाही.

“सिटिझनशिपची सेरेमनी होऊ दे,” हृषीकेश म्हणाला. “मग काय ते बघू. आत्ता कशाला पोलिसांच्या डोळ्यांवर यायचं?” माझा नवरा भित्रा नाही, हिशेबी आहे. पण या देशाच्या नागरिकत्वाची शपथ द्यायची ती सेरेमनी जुलैची ऑगस्टला गेली, ऑगस्टची नोव्हेंबरला. आणि सेमिसीचा खटला उद्या, सोमवारी होता.

आणि आज, रविवारी दुपारी, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात कॉन्स्टेबल डेलचा सत्कार होता.

शाल, श्रीफळ, कुंकू. दर वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीला रस्ता बंद करून द्यायला तो यायचा, मुलांना गाडीचा भोंगा वाजवू द्यायचा. युनियनने पत्र पाठवून सत्कार सुचवला, आणि मंडळाचा अध्यक्ष शिरीष लगेच हो म्हणाला. फोटो आणि मंडळाचं प्रशस्तिपत्र सोमवारी कोर्टात जाणार, हे त्या पत्रातच लिहिलं होतं. मी चिटणीस. ते पत्र मीच फाइलला लावलं. ओवाळायचं तबकही माझ्याच हातात होतं.

हॉलच्या स्वयंपाकघरात मी तबकात अक्षता ठेवत होते. ब्लॅकटाउनच्या दुकानातून आणलेल्या सामोशांचे ट्रे शेजारी उघडे होते. एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आत आला. गळ्यात युनियनचं ओळखपत्र, त्यावर नाव: ग्रेग.

“एक घेऊ का?” त्याने सामोसा उचलला. “फार छान करता तुम्ही लोक. तू मेधा ना?”

“हो.”

“लॅबमध्ये असतेस. तीनशे बारा नंबरची बस.” तो सावकाश चावत होता. “मे महिन्यात स्टॉपवर होतीस, नाही का?”

घराबाहेर मी ते फक्त तक्रार कार्यालयाला सांगितलं होतं, फोनवर.

बोटांना तबकाच्या पितळेचा थंडपणा जाणवेना.

“बस आली की लोक चढतात,” तो म्हणाला. “घाईत कुणाला काय दिसतं? नोव्हेंबरमध्ये तुमची सेरेमनी आहे म्हणे. अभिनंदन.” त्याने पेपर नॅपकिनला बोटं पुसली, नॅपकिन नीट चौकोनी घडी करून कचऱ्यात टाकला आणि बाहेर गेला.

मागच्या दाराला लागून टॉयलेट होतं. मी आत जाऊन कडी लावली. नाडी एकशे अठ्ठावीस. दाराखालच्या फटीतून कुणाचे तरी काळे बूट दिसले. ते थांबले. मग ते पुढे गेले. ते कुणाचेही असू शकले असते. पुढची कित्येक वर्षं मी प्रत्येक बुटाकडे असंच बघणार, हे मला तिथे कळलं.

“मेधा! अगं, आहेस कुठे?” शिरीषचा आवाज. “पाहुणे स्टेजवर उभे आहेत आणि आमच्या चिटणीस बाथरूममध्ये!”

बाहेर आल्यावर मी त्याची बाही धरली. “शिरीष, हे नको करूया. त्याने कॅमेरा स्वतः बंद केला. मी पाहिलंय.”

त्याचा चेहरा उतरला. नंतर तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “आत्ता? पाच महिने काय करत होतीस? अगं, पुढच्या वर्षी मिरवणुकीला हेच लोक लागणार आहेत आपल्याला. तू फक्त ओवाळ. बोलायचं ते मी बोलतो.”

मी तबक उचललं.

स्टेजवर सहा पायऱ्या होत्या. पहिल्या रांगेत हृषीकेश, त्याच्या शेजारी आमची चिन्मयी. “गो, आई!” ती ओरडली. ग्रेग फोन उभा धरून खिडकीपाशी.

डेलने माझ्यासाठी मान वाकवली. मागच्या वर्षी त्याला कुणीतरी शिकवलं होतं. जवळून तो फार तरुण दिसत होता, मानेवर दाढी करताना कापल्याची खूण होती. छातीवर कॅमेरा. दिवा बंद. कुंकवात बुडवलेलं बोट मी त्याच्या कपाळापर्यंत नेलं, आणि थांबवलं.

“काही चुकलं का?” त्याने हळूच इंग्रजीत विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

उद्या दहा वाजता सेमिसी वाकड्या कोपराने उभा राहील, आणि त्याच्या विरुद्ध या कपाळावरच्या कुंकवाचा फोटो असेल. माझ्या बोटाचा.

मी तबक टेबलावर ठेवलं. हृषीकेश खुर्चीतून अर्धा उठला होता. तो मान हलवत होता: नको. माइक शिरीषच्या हातात होता. मी तो घेतला तेव्हा त्याची पकड सैल होती, बहुधा त्याला वाटलं मी आभार मानणार.

माझा आवाज बारीक आणि कोरडा आला. सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीत बोलले.

“यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली नव्हती. यांनी बटण दोन वेळा दाबून तो बंद केला आणि मग सेमिसीचा हात मोडला. मी बसस्टॉपवर होते. उद्या सकाळी मी कोर्टात साक्ष देणार आहे.”