आत्मारामभाऊंचा नारळ

माझ्या पुतण्याला, सुजीतला, पोलिसांनी डिझेलचोरीच्या संशयावरून उचललं आणि तळपायांवर इतकं मारलं की आम्ही त्याला उचलून घरी आणलं. चोर नंतर दुसराच निघाला. तेव्हा आत्मारामभाऊ विरोधी पक्षात होते. माहीमच्या किनाऱ्यावर येऊन ते रडले. हातात नारळ घेऊन समुद्राला नवस बोलले, "सत्तेत आलो की मारणाऱ्या त्या फौजदाराची चौकशी लावीन, मगच हा नारळ तुला देईन."

नवस फिटेपर्यंत नारळ घरात टांगायचा, ही आमची रीत. माझ्या बायकोने, मंजुळाने, तो लाल फडक्यात बांधून खुंटीला लावला.

भाऊ मंत्री झाले. फौजदाराला बढती मिळाली. सुजीत भेटायला गेला, तर भाऊ म्हणाले, "आमच्या राज्यात पोलीस कुणाला मारत नाहीत." यंदा चैत्रात मंजुळा गेली. तिने मारलेली गाठ मला सोडवेना.

नारळी पुनवेला भाऊ बँड आणि कॅमेरेवाल्यांसह सोनेरी कागदातला नारळ घेऊन किनाऱ्यावर आले. मी घरून जुना फडक्यासकट आणला.

"भाऊ, आधी हा. तुमच्या नवसाचा."

भाऊंनी तो हलवला. आत सुकं खोबरं खडखडलं. जमलेल्या बायका हसल्या.

"असं होय? टाकतो की मग!" म्हणत भाऊ पाण्याकडे निघाले.

कोळीवाड्यातली रत्नाबाई पदर खोचून आडवी आली. "काम न करता नारळ टाकतोस? तू जाशील गाडीत बसून. दर्यात आमची माणसं जातात!"

"बघतो ना मावशी चौकशीचं."

"मग बघ. आमी थांबतो. बसा गो सगळ्या!"

बायका वाळूत बसल्या. बँड थांबला. कॅमेरेवाले पुढे सरकले.

"मला मारलं होतं, एवढं आधी बोला," सुजीत म्हणाला. "माइकवर."

भाऊंनी घाम पुसला. "मारलं होतं," ते म्हणाले. "सोमवारी चौकशी लावतो. आता टाकू?"

"लावतो म्हणालास, लावली नाय," रत्नाबाई म्हणाली. "तो सोनेरी टाक. हा परत खुंटीला."

गणपतीच्या आधी चौकशी अधिकारी सुजीतचा जबाब घ्यायला घरी आले. मी त्यांना खाटेवर बसवलं. खाट नेमकी नारळाखाली होती. साहेब एक ओळ लिहीत आणि वर बघत.

"पडणार नाही ना हो?"

"नाय साहेब," मी म्हटलं. "गाठ मंजुळाची हाय. तुमी लिहा."