पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण दूध-भाजी ठेवायला मला आणले नव्हते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. गव्हाच्या जुन्या जातींचे बी माझ्या थंडगार खणांत जपले जाई. कमी पीक देणारे, जाडेभरडे, कुणी ढुंकूनही न पाहिलेले बीसुद्धा. कुठला गुण कधी कामाला येईल सांगता येत नाही, असे आमच्या डॉक्टरबाई म्हणत.

बाई इथल्या शास्त्रज्ञ. एका जातीतला चांगला गुण दुसरीत आणायचा, हे त्यांचे काम. तो उतरला की नाही, हे पूर्वी पीक उभे राहीपर्यंत कळत नसे. पुढे कोवळ्या पानाचा तुकडा तपासून ते कळू लागले. पहिल्यांदा तसे कळले त्या दिवशी बाईंनी माझे दार इतक्या आनंदाने उघडले की मलाच भरून आले.

पाकिटे भरायचे काम मदतनीस काकांचे. पाकिटावर शाईने नाव आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. एकच नाव दोनदा कशाला, म्हणून तरुण मंडळी त्यांची टर उडवत. काका हसण्यावारी नेत आणि पेन्सिलीला टोक काढत बसत.

काका निवृत्त झाले, नवी थंड खोली आली आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. एक खण तेवढा नंतर नेऊ म्हणून राहिला. त्यात बारा पाकिटे होती. ते नंतर काही उजाडले नाही. माझ्यात जेवणाचे डबे येऊ लागले. खरे सांगतो, मला राग आला. दाराचे रबर झिजले होते, मी सारखा घरघरत होतो, पण लक्ष कोण देणार?

त्या वर्षी गव्हावर नव्या प्रकारचा तांबेरा पडला. पानांवर तांबूस पुळ्या आल्या आणि बाईंच्या साऱ्या नव्या जातींनी हात टेकले. तेव्हा बाईंना एक जुनी जात आठवली. पूर्वी एकदा तांबेऱ्याने आजूबाजूचे वाफे करपले तरी ती हिरवीगार राहिली होती. तिचे बी फक्त माझ्या त्या खणात होते.

बाई धावत आल्या, तर माझे दार बोटभर उघडे. सुट्टीवर जाताना कुणीतरी डबा कोंबला होता. चार दिवसांत बर्फ वितळून खणात पाणी साचले होते. बारा पाकिटांवर नुसते निळे डाग उरले होते. पान तपासायचे तरी आधी मूळ जात कोणती ते ठाऊक हवे, आणि बाराही पेरून रोगाची वाट पाहायची, तर अख्खा हंगाम हातचा जाणार होता. बाई तिथेच जमिनीवर बसल्या. डबा कुणाचाही असो, दार माझे होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी त्यांनी काकांना फोन लावला. खणात पाकिटे कुठल्या क्रमाने लावली होती, आठवते का, असे विचारले. काका दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले. त्यांनी एकेक पाकीट कोरड्या फडक्याने टिपले, हळूच उघडले आणि आतल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. बाराच्या बारा नावे स्वच्छ वाचता येत होती.

"शाई पाण्यात जाते, बाई. पेन्सिल नाही जात," एवढेच ते म्हणाले.

"आम्ही तुम्हाला हसायचो, काका," बाई म्हणाल्या. काकांनी हवे ते पाकीट त्यांच्या हातात दिले.

हव्या त्या पाकिटात वीस दाणे होते. ते ओल्या कागदावर ठेवले. तीन दिवस काहीच हालचाल नव्हती. चौथ्या दिवशी एकाला मोड आला, मग आणखी तिघांना. बाकीचे कुजले. बाईंनी त्या चार रोपांचा चांगल्या पिकाच्या गव्हाशी संकर केला. त्यातून आलेल्या रोपांची पाने तपासली आणि गुण उतरलेली तेवढी पुढे वाढवली. आता त्यांचा वाफा माझ्या व्हरांड्यातून दिसतो. शेजारी तांबेरा आहे, तो वाफा हिरवा आहे.

माझे रबर बदलले. काकांनी दारावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, अर्थात पेन्सिलीने लिहिलेली: दार नीट लागले का, पुन्हा बघा.

मित्रांनो, तुम्हीही बघत जा. सगळे त्या चार दाण्यांचे कौतुक करतात. मला मात्र माझ्या पोटात मेलेले सोळा आठवतात.