मुंग्या चावत नाहीत

मुंगी अंगठ्याच्या नखावर चढली, थबकली, मिशा हलवून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मग नखाच्या कडेनं उतरून बोटांच्या बेचक्यात शिरली. तांबडी, चावरी जात. बाईंनी पाय हलवला नाही. श्वाससुद्धा सोडला तो हळू, आपल्यापायी कुणाचं काही बिघडू नये अशा बेतानं. परसातल्या झाडाखाली त्या अनवाणी उभ्या होत्या, आजचा एक्केचाळिसावा दिवस, आणि वाटेतला दगड ओलांडावा तशा मुंग्या त्यांचे पाय ओलांडून चालल्या होत्या.

चावत नाहीत. पहिल्या आठवड्यात चावल्या होत्या... काय चावल्या होत्या! पाय झटकत, मुंग्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाई घरात पळाल्या होत्या आणि सुनेनं दाराआड तोंड लपवून हसून घेतलं होतं — मी पाहिलं, मला मागूनही दिसतं. पुढं चावणं कमी झालं, मग थांबलंच. खडे टोचेनासे झाले. सुरुवातीला सकाळची माती कशी गार लागायची, पोटरीपर्यंत शहारा जायचा. आता गार नाही, गरम नाही, नुसती मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. "ओळखलं मला त्यांनी," असं बाईंनी लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा लेक हरखली. "बघ आई, म्हटलं नव्हतं? जमीन सगळं ओढून घेते. तू फक्त उभी राहा."

काय काय ओढून घेते, ते मात्र लेकीनं सांगितलं नव्हतं.

बाईंना घालवायचा होता तो कात्री फेकणारा हात. कात्री अजून दुकानात कापायच्या टेबलावर आहे, नवऱ्याच्या हातची, जड. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती, सुनेनं साठ कॉलरी उभ्याऐवजी आडव्या धाग्यात कापल्या, सगळं कापड वाया, आणि त्यापुढचं बाईंना नीट आठवत नाही... आठवते ती दाराची चौकट, सुनेच्या कानापासून वीतभर अंतरावर लाकडात रुतलेली कात्री आणि तिच्या कड्या अजून थरथरताहेत. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द सुनावता आले असते. संध्याकाळी मुलगा समोर बसला आणि फरशीकडे बघत म्हणाला, "आई, पुन्हा असं झालं तर टेबल तिच्याकडे जाईल. तू घरी बस."

घरी बस! चार मशीनचं दुकान मी उभं केलं, हा पोटात असताना पेडल मारलं, याचं पहिलं दुपटं त्याच टेबलावरच्या तुकड्यांचं, आणि हा मला घरी बसवणार... पण चौकटीतली खोक समोर दिसत होती, तिच्यापुढं तोंडाचा पट्टा चालेना. तेव्हा लेकीनं हा उपाय काढला, कुठल्याशा शिबिरात शिकून आलेली. पाच गोष्टी बघायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे... "मी तिसरी शिकलेली बाई, मला एवढे आकडे नकोत," म्हणून बाईंनी आपलं आपणच जुळवलं. पाठ झाडाला टेकायची, पाय मातीत रोवायचे, आणि राग चढला की मोरीचं बूच काढावं तसा तो टाचांतून खाली सोडायचा.

जमलं. नवल तेच. एक्केचाळीस दिवस वावगा शब्द नाही — बरं, शब्द होते, कात्री नव्हती. दुकानात काजं-बटणं करणारी परवा म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" "शिव्या खाल्ल्याशिवाय तुझा दिवस जात नाही, त्याला मी काय करू?" सगळ्या हसल्या होत्या. सूनसुद्धा, आणि या वेळी तोंडावर.

दुकान घरापासून दोन गल्ल्या. पाय झाडून, चपला घालून बाई निघाल्या. कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करणारा बसतो, त्यानं मान वर केली. "मावशी, डाव्या पायातली चप्पल कुठं टाकून आलात?"

बाईंनी खाली पाहिलं. पाय उघडा.

"तुझं तोंड दिसलं, पळाली," त्या म्हणाल्या. तो हसला. चप्पल पार मागं, गल्लीच्या तोंडाशी पालथी पडली होती. एवढी वाट... खडी, उन्हानं तापलेलं डांबर... मन शांत असलं की असं होतं, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच पाय शेजारच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवून, पोट आडवं येत असताना, बऱ्याच दिवसांनी खाली वाकून पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत, घोट्याखाली, जिथं उभं राहून दिसत नाही तिथं तांबडे फोड. वीस, पंचवीस. काही ताजे, काही पिकलेले.

म्हणजे चावत होत्या. रोज. आणि मी त्यांना माझी माणसं समजत होते.

पदराच्या टोकानं फोड पुसून त्यांनी चप्पल आणली, घातली, पट्टा दोनदा ओढून पाहिला. कुणाला सांगायचं? मुलाला सांगितलं तर घरी बस. रागावले तरी घरी बस, शांत झाले तरी घरी बस. आधी मशीन चालवून बघू, मग घाबरू.

दुकानात त्या कुणाशी न बोलता मोटारच्या मशीनवर बसल्या. पाय खाली टेकवला, पेडलच्या बाजूला, आणि सुईत दोरा ओवायला बोटं पुढं नेली — आणि मशीन धावलं. सुई बोटाच्या पेराला घासून खाली गेली, वर आली, पुन्हा खाली... त्यांनी हात ओढला. मशीन थांबेना. सुनेनं धावत येऊन बटण बंद केलं.

"आई, पाय पेडलवर आहे तुमचा."

"नाहीये. खाली आहे."

पेडलवर होता. पुरता दाबलेला.

आता राग यायला हवा होता. बाईंनी त्याची वाट पाहिली, आतून हाक मारली, ये रे बाबा, आत्ता तू हवास... आला नाही.

"जा गं, चहा घेऊन या सगळ्या," सून बायकांना म्हणाली. दुकान रिकामं झालं. ती खाली बसली आणि तिनं सासूची चप्पल काढली. फोडांवरून तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "डोळे मिटा."

"का? काय फेकून मारणारेस?"

"मिटा हो."

बाईंनी डोळे मिटले. मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाचा वास.

"कोणतं बोट धरलंय मी?"

त्या खाली शोधत गेल्या. गुडघा होता, नडगी होती, घोट्यापर्यंत मी होते... त्याखाली विहिरीत दोर सोडावा आणि पाणी लागू नये, तसं. धरलंय तरी का हिनं? नुसतीच बसलीय समोर?

"अंगठा," त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला भाव सांगतात तशा, ठामपणे.



"बरोबर," सून जरा वेळानं म्हणाली.

पंधरा वर्षांत या पोरीनं मला एका शब्दानं बरोबर म्हटलेलं नाही. आणि आज इतक्या हळू, ताप आलेल्या मुलाशी बोलतात तसं... खोटं बोलत असेल तर माझ्यासाठी बोलतेय. कानाजवळून कात्री गेलेली बाई. डोळे उघडले की कोणतं बोट ते कळेल, एवढंच तर करायचं, पापण्या वर. मुलगा बारा वाजता येतो, तोवर ही सांगेल त्याला, किंवा नाही सांगणार, आणि त्यासाठी मला तिच्यापुढं हात जोडायला लागतील.

"उघडा ना आई डोळे."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. आवाज आपला वाटला नाही, त्यात विनवणी होती. "थोडा वेळ असंच राहू दे." आणि समोरून हालचालीचा, सुनेचा हात अंगठ्याकडे सरकल्याचा आवाज येतो का, ते ऐकत त्या तशाच बसून राहिल्या.