बिनएजंटाचं घर

घरात तीन खोल्या, चार दारं, सहा खिडक्या. त्यातलं एक दार फुगून चौकटीत अडकणारं. भिंतींना अकरा भेगा. नऊ केसाएवढ्या, दोनांत नख जाईल एवढ्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीपासून चौदा इंच ओल. जिना नाही. माणसं दोन. एक जोतीराम, जो हे सगळं मोजत होता, आणि दुसरा ऋषिराज एजंट, ज्याच्याकडे मोबाइल दोन, अंगठ्या तीन आणि घराबद्दलची माहिती जवळजवळ शून्य होती.

"चौदा इंच," जोतीराम मोठ्यानं म्हणाला आणि मग वहीत लिहिलं.

"काका, जरा हळू," ऋषिराज म्हणाला. "शेजारी आईकत्यात."

"आईकू देत की. चौदा हाय म्हणून चौदा म्हणतोय."

चौतीस वर्षं जोतीरामनं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिथली पद्धत अशी, की एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं लिहायचा; म्हणजे चूक होत नाही. उसाचा रस पातळ निघाला तरी आकडा तितकाच खणखणीत वाचायचा. रसाला काय वाईट वाटतंय?

"आता ती मागची भिंत. ओळंबा लावून बघतो."

"ऱ्हाऊ द्या वो काका. मालकीणबाई यायचा वकूत झाला. पलूसला लेकीकडं धाडलंय मुद्दाम, पाचच्या एसटीनं येत्याल."

"मुद्दाम कशाला?"

"आमची पद्धत हाय," ऋषिराज म्हणाला आणि किल्ली फिरवत बाहेर पडला.

पद्धत! जोतीरामला हसू आलं. दहावीला दोनदा आपटलेल्या पोरांचीही आता पद्धत असते. कराडात पूर्वी ज्याला काही जमत नसे तो पानाची टपरी टाके. टपरीला निदान चुना-काताचं प्रमाण कळावं लागतं. आता पांढरी गाडी घेतली, काळा चष्मा लावला, की झाला एजंट.

रात्रीच्या भाकरीआधी कारखान्याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात त्यानं बायकोला, शालूबाईला, सगळा हिशेब सांगितला. ती उजव्या गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून बसली होती.

"बेचाळीस मिनिटं होता तो. त्यात कुलूप उघडलं एकदा, लावलं एकदा. 'हवेशीर' म्हणाला सात वेळा. उरलेला वेळ फोनवर. आणि ह्याला घराच्या किमतीच्या दोन टक्के?"

"घर बैठं हाय न्हवं?"

"बैठं हाय. एक पायरी. सहा इंचांची."

"मग देऊन टाका दोन टक्के," शालूबाई म्हणाली. "डाक्टर काय म्हणाला? जिना चढायचा न्हाई म्हणाला. म्हैनाअखेर क्वार्टर सोडायची. मला त्या घरात नेऊन बसवा, मग घाला कुणाशी वाद घालायचा तो."

"वाद न्हाई, तत्त्व हाय. सिटी सर्व्हेच्या कचेरीत मी तीन खेपा घातल्या. मालमत्ता पत्रक मी काढलं. बोजा हाय का ते मी बघितलं. कागद स्वच्छ हायत. मग त्यो मधी कशाला? मी सरळ बाईंकडं जातो. दोन टक्के माझं वाचलं, दोन टक्के तिचं."

"आवं, मधी माणूस लागतो. सोयरिकीला न्हाई का लागत?"

"आपल्या सोयरिकीत कोण होतं?"

"तुमची धोंडुबाई आत्या. तुमचा पगार दुप्पट सांगितला हुता तिनं."

"बघ! फसवलं का न्हाई तुला?"

"फसवलं म्हणून तर हितं हाय," शालूबाई म्हणाली आणि पिशवी उजव्या गुडघ्यावरून डाव्यावर घेतली. "खरं सांगितलं असतं तर तासगावच्या बेदाणेवाल्याला दिली असती मला."

ज्याच्याकडे आकडे असतात त्याला उत्तराची गरज पडत नाही. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तो टेप, वही आणि ओळंबा घेऊन एकटाच त्या घरी गेला.

मालकीण शाहजादीबी सत्तरीच्या होत्या. त्यांनी ओळख विचारून घेतली, खुर्ची पुसून दिली.

"तुमीच का ते साखर कारखान्याचं साहेब? ऋषिराजनं सांगितलंय तुमच्याविषयी."

"त्याचं सोडा," जोतीराम म्हणाला. "मी सरळ तुमच्याशीच बोलायला आलोय. मधला माणूस नको. त्याचे दोन टक्के तुमचे तुम्हाला राहतील."

"बरं," शाहजादीबी म्हणाल्या. "आधी च्या ठेवते."

त्या चहा ठेवत होत्या तेवढ्यात जोतीराम कामाला लागला. भाव पाडून मागायचा तर प्रत्येक दोष मोजून दाखवावा, हे त्याला सरळ व्यवहाराचं लक्षण वाटत होतं. एजंट गोड बोलतो, आपण खरं बोलायचं.

"भेगा अकरा," तो आतल्या खोलीतून म्हणाला. "ओल चौदा इंच. दाराची चौकट गेलेली."

स्वयंपाकघरात कपबशी वाजली.

राहिली होती मागची भिंत. त्यानं स्टुलावर चढून खिळ्याला ओळंबा अडकवला, लोलक थांबेपर्यंत श्वास रोखून धरला आणि वर-खाली दोरीपासून भिंतीपर्यंत पट्टी लावली. पुन्हा लावली. आकडा तोच आला.

"एकोणीस मिलिमीटर! दहा फुटांत एकोणीस मिलिमीटर बाहेर," तो ओरडलाच. "काय गवंडी होता का कोण? पिऊन आला असणार गडी!"

मागं वळून पाहतो तर शाहजादीबी हातात ट्रे घेऊन दारात उभ्या.

"पीत नव्हते," त्या म्हणाल्या.

जोतीराम स्टुलावरच राहिला. ओळंबा अजून किंचित हलत होता.

"वाजिदमिस्त्री. आमचे मालक. कराडात शंभर घरं बांधली त्यांनी. ही खोली शेवटची. उजवं अंग गेलं हुतं तवा. मी वीट द्यायची, ते डाव्या हातानं ठेवायचे. आठ म्हैने लागले." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "घ्या, च्या निवंल."

जोतीराम उतरला. त्यानं चहा घेतला. साखर जास्त होती. काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण चौतीस वर्षांत वाचलेला आकडा त्यानं कधी मागं घेतला नव्हता, आणि आकडा तर बरोबरच होता.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मी आपला भावाचं बोलायला..."

"ऋषिराज लय खोटं बोलतो," शाहजादीबी म्हणाल्या. "मला म्हटला, साहेबांना घर लय आवडलं. म्हटला, मागच्या भिंतीवरनं हात फिरवत उभे ऱ्हायले हुते, काम बघून. म्हटला, असल्या माणसाला घर दिलं तर मिस्त्रींच्या जिवाला बरं वाटंल. मी त्याला सांगितलं हुतं, अशा माणसाला लाखभर कमी घेऊन दे."

जोतीरामनं कप खाली ठेवला.

"मग आता, बीबी?"

"आता न्हाई. तुमी खरं बोलणारी माणसं. तुमाला दुसरं घर मिळंल."

त्यांनी दार स्वतः उघडून धरलं.

सोमवारी जोतीराम ऋषिराजच्या गाळ्यात गेला. लाज गिळायला त्याला दोन दिवस लागले होते. ऋषिराजनं खुर्ची दिली नाही, चष्माही काढला नाही.

"दोन टक्के देतो," जोतीराम म्हणाला.

"कशाचे, काका? बाईंनी तासगावच्या पार्टीला दिलं घर. काल विसार झाला. मीच केला."

"तिला माझ्याबद्दल खोटं सांगितलं होतंस तू."

"मग? खरं सांगायला तुमी गेलाच की!" गाळ्यातली बाकी मंडळी हसली. ऋषिराजनं आवाज जरा खाली आणला. "म्हातारीला पलूसला का धाडत हुतो, ते एकदा इचारायचं तरी. माणूस आपल्याच घराला नावं ठेवलेली बसून आईकत नसतो. कुलूप तर माझं बारकं पोरगंबी उघडंल. तुमच्यासारख्याचं तोंड मालकाच्या कानापातूर जाऊ द्यायचं न्हाई, त्याचं दोन टक्के असत्यात."

जोतीराम बाहेर पडला. रस्त्यावर येईपर्यंत त्याला त्या पोराचा राग आला, आणि स्टँडपर्यंत जाताजाता तो राग पुन्हा ओळखीच्या तुच्छतेत बदलला. लबाडीचा धंदा, आणि वर तत्त्वज्ञान!

महिनाअखेरीला पंधरा दिवस उरले होते. जोतीरामनं फ्लॅट पाहिला तो बिल्डरच्याच कचेरीतून, थेट. मध्ये कोणी नाही. भिंती ओळंब्यात होत्या, ओल शून्य, भेगा शून्य. तिसरा मजला. लिफ्टच्या जागी चौकोनी खड्डा होता आणि त्यावर फळी टाकलेली होती. दोन महिन्यांत लिफ्ट बसेल, असं कचेरीतल्या मुलीनं सांगितलं. तिच्या समोरच्याच फळ्यावर लिफ्ट बसण्याची तारीख लिहिलेली होती, मागच्या वर्षीची. जोतीरामनं ती वाचली, आणि सही केली.

सामान टेंपोनं गेलं. शालूबाई रिक्षातून उतरली, पदर खोचला आणि मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

"एजंटाला किती दिलं?"

"काही नाही. एजंटच नव्हता."

"व्हय," ती म्हणाली. "असता तर लिफ्ट हाय म्हणून सांगितलं असतं त्यानं."

त्यानं हात पुढे केला. तो तिनं घेतला नाही; कठड्याला धरलं. डावा पाय वर, मग उजवा त्याच पायरीवर. पहिल्या वळणावर ती थांबली. दुसऱ्या मजल्यावर एक बाई दार उघडून म्हणाली, बसा की जरा, आणि तिनं स्टूल आणून दिलं. शालूबाई बसली, पाणी प्याली, त्या बाईला गाव कुठलं ते विचारलं, आणि उठली. जोतीराम दोन पायऱ्या मागं होता, पडली तर धरायला.

वर पोचल्यावर ती नव्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डोळे मिटलेले होते. कुलूप उघडण्याआधी त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

सत्तावन्न पायऱ्या. अकरा मिनिटं, वीस सेकंद.